खाल्लेल्याची वही

आमच्या घरात लाल पेन फक्त सासऱ्यांकडे असतं. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म प्रुफं तपासण्यात घालवला. निवृत्त झाले तेव्हा प्रुफं यायची थांबली, पेन थांबलं नाही. लग्नपत्रिका आली की ती आधी तपासून व्हायची, लग्न कुणाचं आहे ते नंतर. सोसायटीच्या फळ्यावर पाणी बंद राहणार असल्याची सूचना लागली की खाली जाऊन तिच्यात दुरुस्त्या करून यायचे आणि वर आल्यावर मलाच विचारायचे, "पाणी नक्की कधी बंद आहे गं?" मी त्यांना बाबा म्हणते. कोथरूडमधल्या या फ्लॅटमध्ये आम्ही तीन माणसं, बाबा, माझा नवरा आणि मी. मी शाळेत शिकवते. शाळा सकाळची, दीड-पावणेदोनपर्यंत मी घरी असते.

सासूबाई होत्या तोवर बाबांना चहासुद्धा करता येत नव्हता. त्या गेल्या आणि त्यांची संकष्टी मी पुढे चालू ठेवली. श्रद्धेनं ठेवली असं म्हणवत नाही. त्या दिवशी घरात काहीतरी त्यांचं असावं, एवढंच मनात होतं. दिवसभर उपास, दुपारी थोडा फराळ आणि चंद्र उगवला की जेवण. पहिल्याच संकष्टीला मी शाळेतून आले तर मिक्सरचा आवाज. बाबा ओट्यापाशी, चष्म्याच्या काचांवर वाफ धरलेली. ते दाण्याची आमटी करत होते. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हा सासूबाईंचा संकष्टीचा ठरलेला फराळ, आणि बाबांनी तो चाळीस वर्षं खाल्ला होता, पण स्वतः एकही उपास न करता.

"उपास तुझा, फराळ माझा," ते म्हणाले. "आधी चव बघून सांग. हे पहिलं प्रूफ आहे."

पहिल्या प्रुफात तिखट एवढं होतं की आम्ही दोघं नाक पुसत बसलो. पुढच्या महिन्यात दाणे जळले. तिसऱ्यांदा मात्र आमटी जमली. भाजून सोललेले दाणे, जिरं, हिरवी मिरची, दोन आमसुलं, गुळाचा खडा आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. मी दुसरी वाटी मागून घेतली. त्यानंतर दर संकष्टीला शाळेतून येताना जिन्यातच फोडणीचा वास यायचा आणि पायऱ्या पटापट संपायच्या. बाबांना तेवढा एकच पदार्थ येत होता. पण त्या एका पदार्थामुळे ते या घरात नुसते राहत नव्हते, त्यांचं या घरात काम होतं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते फार उशिरा, आणि माझ्याच करणीनं.

दोन वर्षांपूर्वीच्या एका संकष्टीला संध्याकाळी माझ्या अंगावर पित्त उठलं. आधी कमरेपाशी खाज आली, मग दंडावर, मग पाठभर लाल गांधी. आमच्याकडे याला एकच उपाय, आमसुलाचं पाणी. बाबांनी दुपारच्याच बरणीतून आमसुलं काढली, भिजत घातली, कोळली आणि वाटी माझ्या हातात दिली. "दुपारचं आतून झालं, आता हे बाहेरून," म्हणाले. तासा-दोन तासांत गांधी बसल्या. आम्ही विसरून गेलो.

पुढच्या महिन्यात परत. मग एकदा भाचीच्या लग्नात, कार्यालयातच, भर पंगतीत. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, काहीतरी खाण्यातलं दिसतंय, रोज काय खाता ते लिहून ठेवा. मी दोन दिवस लिहिलं, तिसऱ्या दिवशी विसरले. बाबांनी ती जबाबदारी माझ्याकडून काढून घेतली.

त्यांनी दोनशे पानी वही आणली, रेघा आखल्या, वर घरं पाडली: वार, तिथी, वेळ, खाल्लेलं, गांधी. शाळेत डब्यातलं किती खाल्लं, उरलं ते कुणाला दिलं, चहाबरोबर बिस्किटं किती, सगळं मला संध्याकाळी सांगावं लागायचं. "अर्धं बिस्किट म्हणजे नक्की किती?" असा प्रश्न मला आयुष्यात दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. मी वैतागायचे. पण खरं सांगायचं तर, पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं दिवसभरात काय खाल्लं, हे रोज कुणीतरी विचारतंय, याचं मला बरंही वाटायचं.

चार महिन्यांत वहीनं तोंड उघडलं. लग्न आणि असे एखाददुसरे दिवस सोडले तर गांधी उठायच्या त्या संकष्टीलाच. बाबांनी ती पानं माझ्यासमोर ठेवली. मला दिसलं ते त्यांनाही दिसलं होतं. संकष्टीला आमच्या घरी वेगळं असं एकच शिजायचं.

तरी पुढच्या संकष्टीला त्यांनी आमटी केली. मीच म्हटलं होतं, करा, एकदा बघू. दिवाळीनंतरची संकष्टी होती ती. संध्याकाळी साडेसातला गांधी उठल्या आणि या वेळी ओठ सुजला, डावा डोळा मिटायला लागला. मी आरशात पाहिलं आणि घाबरले. नवरा रिक्षा आणायला खाली धावला. बाबा दारात आमसुलाच्या पाण्याची वाटी घेऊन उभे होते. मी चपला घालता घालता त्यांच्याकडे बघून म्हटलं, "राहू दे ते. तुमच्या त्या आमटीनंच मरायची वेळ आणलीय माझ्यावर."

रागाचं निम्मं कारण भीती होतं. पण वाक्य पूर्ण, स्पष्ट आणि त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. बाबांनी वाटी चपलांच्या कपाटावर ठेवली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, तासाभरात सूज उतरली. आम्ही परत आलो तेव्हा वाटी तिथंच होती आणि बाबा त्यांच्या खोलीत होते.

त्यानंतर ॲलर्जीची चाचणी झाली. आठवडाभर आधी दवाखान्यातून दिलेली पित्ताची गोळी बंद ठेवायची होती, ते सात दिवस मी नुसत्या धास्तीत काढले. नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून माझ्याबरोबर बाबा आले, काखेत वही. डॉक्टरीणबाई माझ्याहून बऱ्याच लहान, केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. त्यांनी माझ्या हातावर पेनानं आकडे घातले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब सोडला आणि थेंबातून सुई हलकेच टोचली. मग वीस मिनिटं हात न हलवता, न खाजवता बसायचं. बाबा खुर्ची पुढे ओढून माझ्या हातावर वाकले होते. छापखान्यात पानावर असेच वाकत असतील.

"सात नंबर वर आलाय," ते डॉक्टरांच्या आधी म्हणाले.

सात नंबर म्हणजे दाणे. मसुरीएवढा फुगवटा, भोवती लाली. दुसरा एक फुगवटा घरातल्या धुळीतल्या किड्यांचा होता, त्याकडे कुणी फार लक्ष दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टीनं मोजलं, कागदावर लिहिलं आणि नीट समजावून सांगितलं की या चाचणीवरून एवढंच कळतं की शरीर दाण्याला ओळखतं. त्रास दाण्यानंच होतो का, ते या कागदावरून ठरत नाही. महिनाभर दाणे बंद करा, आणि वही घेऊन परत या. "कुठली औषधं चालू आहेत?" असंही त्यांनी विचारलं होतं. थायरॉईडची रोजची एक गोळी, मी सांगितलं. तेवढंच होतं, असं माझं प्रामाणिक मत होतं.

महिन्यानं आम्ही गेलो नाही. कशाला जायचं? गुन्हेगार सापडला होता.

घरातून दाणे घालवणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी दाण्याचं कूट बरणीत भरून ठेवलेलं असतं त्यालाच कळेल. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, मेथीच्या भाजीत कूट. चटणी तर दाण्याचीच. तेल शेंगदाण्याचं. कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी करून बघितली, चमचा उलटा धरला तरी ती पडत नव्हती. मिक्सरची भांडी बाबांनी गरम पाण्यानं तीनदा धुतली. कुटाची बरणी त्यांनी कामवाल्या मावशींना देऊन टाकली, बरणीसकट. मग हातात भिंग घेऊन दुकानात जायला लागले. कुठलंही पाकीट असो, मागचा बारीक मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचं असेल तर घ्या, वाचायचं असेल तर घरी न्या."

बाबा म्हणाले, "हा टाईप वाचण्यासाठी लावलाय की लपवण्यासाठी, ते आधी बघतोय."

बिस्किटांत दाण्यांचे अंश असू शकतात. फरसाणात असतातच. चिक्की, लाडू, कॅडबरीसुद्धा बंद. संक्रांतीला शाळेत तिळगूळ वाटला तर त्यात दाणे, मी तो पर्समध्ये ठेवला. "अगं, घरी नेऊन काय करणार, तोंडात टाक की," असं बायका म्हणायच्या. ॲलर्जी आहे म्हटलं की तोंड बारीक करून म्हणायच्या, "पण हा घरचाय." सगळ्यात कठीण गेली ती शेजारची वहिनी. ती दर एकादशीला खिचडीची वाटी पाठवायची. दाणे चालत नाहीत, असं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्या एकादशीला वाटी आलीच. "उपासाचं आहे हो, उपासाच्या पदार्थात काही वावगं नसतं," तिचं म्हणणं. आम्ही सगळेच असं मानतो. उपासाला चालतं ते शुद्ध, आणि शुद्ध ते बाधत नाही. मी हसले, वाटी परत केली आणि ती महिनाभर लिफ्टमध्ये माझ्याशी हवापाण्याचंच बोलली.

हे सगळं मी सहन केलं. बाबांचं काय झालं ते मात्र माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी त्याचा विषय काढत नव्हते.

ते स्वयंपाकघरात येईनासे झाले. पाणी प्यायचं असलं तरी दारात थांबून मला हाक मारायचे. संकष्टीला मी शाळेतून आले की ते गॅलरीत पेपर मांडीवर घेऊन बसलेले असायचे, आणि पेपरात एकही लाल खूण नसायची. नवऱ्यानं एकदा सुचवलं, बाबा, रताळ्याचा कीस करा की, सोपा असतो. ते म्हणाले, "नको रे. माझ्या हाताचं तिला बाधतं." आवाजात राग नव्हता. ते एखादी नोंद वाचून दाखवल्यासारखं म्हणाले. मी आत पोळ्या लाटत होते, मला ऐकू आलं. तेव्हाच बाहेर जाऊन बोलायला हवं होतं. मी पोळी उलटली.

वही मात्र त्यांनी सोडली नाही.

आणि गांधीही थांबल्या नाहीत. दाणे बंद करून दोन महिने झाले आणि संकष्टीला परत पाठ भरली. बाबांनी वहीत राजगिऱ्याभोवती गोल केला. राजगिरा बंद. मग शिंगाडा, मग रताळं, मग दूध. शेवटी संकष्टीला मी एका केळ्यावर आणि कोऱ्या चहावर दिवस काढायला लागले. भुकेनं संध्याकाळी डोकं ठणकायचं आणि गांधी पूर्वीपेक्षा जास्त उठायच्या. शरीराला आता काय हवंय तेच कळेना. मार्चमध्ये पेपर तपासायला बसले, शंभर-सव्वाशे पेपरांचे गठ्ठे, तर उपास नसतानाही आठवड्यात दोनदा पित्त उठलं. नवरा म्हणाला, "खाण्यासारखं काही उरलंच नाहीये आता. निदान ती वही तरी दाखवून या." आठ महिन्यांनी आम्ही परत गेलो. या वेळीही माझ्याबरोबर बाबाच.

डॉक्टरीणबाईंनी आम्ही इतके दिवस कुठं होतो ते विचारलं नाही. वही घेतली आणि वाचायला लागल्या. चाळत नव्हत्या, वाचत होत्या. बाहेर पेशंट खोळंबले होते. बाबा ताठ बसले होते. आपण तपासलेलं पान दुसरा कुणी तपासतोय, हे त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा घडत होतं.

"इतकी स्वच्छ वही मला कुणी आणून दाखवली नव्हती," त्या म्हणाल्या. मग बोट एका ओळीवर ठेवून विचारलं, "दुपारी दोनला आमटी. गांधी साडेसातला. दर वेळी पाच-साडेपाच तासांचं अंतर आहे. दाणा बाधायचा असता तर बहुतेक वेळा इतका थांबत नाही. मधे काय घेतलंत?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "उपास होता."

"काहीच नाही?"

"चहा," मी म्हटलं.

"आणि?"

"आणि काही नाही. फारच डोकं दुखलं तर एखादी गोळी."

त्यांनी मान वर केली. "कुठली गोळी?"

मी पर्समधून पाकीट काढून दिलं. दुखण्यावरची नेहमीची गोळी, कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळते. माझ्या पर्समध्ये ती किल्ल्या आणि रुमालाबरोबर कायम असते. डॉक्टरीणबाईंनी पाकीट वाचलं, वही वाचली, परत पाकीट वाचलं. "ही वहीत कुठंच नाहीये."

बाबांना ते लागलं. ते म्हणाले, "कशी असेल? ही खाल्लेल्याची वही आहे. ते औषध आहे. औषधानं उपास मोडत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की हे त्यांचं एकट्याचं म्हणणं नाही. रोज संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगायचे, अर्धं बिस्किटसुद्धा, पण गोळी सांगावी असं मलाही कधी सुचलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ती खाण्यातच धरली नव्हती. आणि चाचणीच्या वेळी औषधं विचारली तेव्हा मी थायरॉईडची सांगितली, ही नाही, कारण डोकेदुखीच्या गोळीला कुणी औषध म्हणतं का? उपासाच्या लेखी ते औषध होतं आणि डॉक्टरांना सांगताना ते औषधच नव्हतं. दोन्ही दारांतून ती बिनबोभाट आत येत होती.

मग एकेक आठवायला लागलं. भाचीच्या लग्नात लाउडस्पीकरनं डोकं उठलं होतं. पेपर तपासताना तर रोजच. संकष्टीला पाचच्या सुमाराला कपाळ चढायचं, कारण दिवसभर पोटात काही नसायचं, आणि आम्ही जितके पदार्थ कमी केले तितक्या गोळ्या वाढल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, अशा गोळ्यांनी काही लोकांना असं होतं आणि ते टोचण्याच्या चाचणीत दिसत नाही. या जातीच्या सगळ्या गोळ्या बंद. फारच डोकं दुखलं तर कुठली चालेल ते त्यांनी लिहून दिलं. आणि दाण्यांचा निकाल घरी लावायचा नाही, इथं आमच्यासमोर खाऊन लावायचा.

हॉस्पिटलात दाणे खाऊन बघायच्या दिवशी सकाळी मला भाजल्याच्या वासानं जाग आली. बाबा ओट्यापाशी होते. आठ महिन्यांनी. लोखंडी तव्यावर त्यांनी मूठभर दाणे भाजले, हातावर चोळून सालं उडवली आणि छोट्या डब्यात भरले. तेलाचा थेंब नाही, मिठाचा कण नाही, डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. मी दारात उभी आहे हे त्यांना दिसलं, त्यांनी डब्याला झाकण लावलं.

हॉस्पिटलात आधी दाण्याचा एवढासा तुकडा. वीस मिनिटं थांबायचं. मग अर्धा दाणा. मग एक, मग तीन. नर्स येऊन नाडी बघायची, घसा बघायची, जायची. बाबा माझ्या हातांकडे बघत होते. मी बाही वर करूनच ठेवली होती, त्यांना बरं वाटावं म्हणून. शेवटच्या खेपेला मी मूठभर दाणे खाल्ले, आठ महिन्यांनी, आणि ते इतके छान भाजलेले होते की मला रडू आलं. नर्स घाबरून धावत आली. काही होतंय का? मी म्हटलं, नाही, काही होत नाहीये.

दोन तास तिथंच बसवून ठेवलं. काही झालं नाही. बाबांनी रिकामा डबा पिशवीत टाकला आणि रिक्षात घरापर्यंत ते बाहेर बघत राहिले.

मला वाटलं, आता सगळं जागेवर येईल. पुढची संकष्टी आली. मी शाळेतून निघाले, जिन्यात वास घेतला, वास नव्हता. बाबा गॅलरीत होते.

"आमटी?" मी विचारलं.

"अंदाज गेला आता," ते म्हणाले. "तिखटमिठाचं काही लक्षात राहत नाही. तू आपलं केळं खा."

मला राग आला, आणि या वेळी तो योग्य माणसाचा आला. हॉस्पिटलानं दाण्यांना निर्दोष ठरवलं होतं, पण मी बाबांना काही म्हटलंच नव्हतं. आपोआप समजेल, असं धरून चालले होते. त्यांच्या खोलीत टेबलावर वही होती. मी ती उघडली आणि मागे मागे जात दिवाळीनंतरच्या त्या संकष्टीपाशी थांबले.

अक्षर नेहमीसारखं, टपोरं. *दु. २. वऱ्याचे तांदूळ. दाण्याची आमटी, दोन वाट्या. दुसरी मागून घेतली.* पुढच्या घरात: *सायं. ७.३०. ओठ, डोळा.* आणि शेवटी, एरवी ते जिथं कधीच काही लिहीत नाहीत तिथं, एक शब्द होता: *माझ्यामुळे.*

मी त्यांच्या खुर्चीत बसले. मग त्यांचं लाल पेन उचललं, *माझ्यामुळे* वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, *गोळीमुळे. सायं. ५.* वही तशीच घेऊन गॅलरीत गेले आणि त्यांच्या मांडीवरच्या पेपरावर ठेवली.

"बाबा, त्या दिवशी दारात मी तुम्हाला जे बोलले, ते चूक होतं. आणि चूक कळल्यावरही मी गप्प बसले, ते त्याहून चूक होतं. मला माफ करा."

त्यांनी चष्मा सारखा केला. ओळ वाचली. माझी रेघ बघितली. माझ्याकडे न बघता हात पुढे केला, मी पेन दिलं.

"शब्द काढायचा असला तर खूण समासात करायची असते," ते म्हणाले. "मजकूर गिरबटायचा नाही. खालचं वाचता आलं पाहिजे." समासात त्यांनी ती खूण केली, एक वेटोळं आणि शेपूट, एका झटक्यात. मग बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिले. ते बसेना.

"दाणे आहेत का घरात?" त्यांनी विचारलं.

दाणे होते. मी हॉस्पिटलातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी किलोभर आणून ठेवले होते. ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात न थांबता आत गेले. फराळ व्हायला साडेतीन वाजले. आमटी खारट झाली होती, चांगलीच खारट. मी पहिली वाटी संपवली आणि वाटी पुढे केली. त्यांनी वाढली आणि माझ्यासमोर बसून आपली खाल्ली.

संध्याकाळी कपाळ थोडं चढलं. मी ओल्या रुमालाची घडी डोळ्यांवर ठेवून पडून राहिले. चंद्र उगवला, आम्ही तिघं जेवलो. पाठ, दंड, ओठ, सगळं ठीक होतं. बाबा झोपायला गेल्यावर मी वही बघितली. वहीत आता एक नवं घर आखलेलं होतं, वर लिहिलं होतं: *औषध.* त्याखाली: *नाही.* गांधीच्या घरात: *नाही.*

आणि खाल्लेल्याच्या घरात: *दाण्याची आमटी, दोन वाट्या. मीठ जास्त. तरी दुसरी मागून घेतली.*